मसाज गन मिळालीय, पण कुठे लावू, किती लावू आणि आबांना लावू का?

उताराची_धास्ती

नमस्कार मंडळी, कराडहून लिहितेय. रविवारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळाले. यवतेश्वरचा घाट चढताना जीव मेटाकुटीला आला, पण खरी वाट लागली ती उतरताना. सोमवारी बरी होते. मंगळवारी उठले तर मांड्या अशा आंबल्यात की जिना आडवा होऊन, कठडा धरून उतरतेय. पोरं मागून नक्कल करतायत.

धाकट्या दिरांनी मसाज गन आणून दिलीय. बरोबर पाच-सहा डोकी आहेत आणि वेगाचे इतके टप्पे की मोजत बसावं. खोक्यावर लिहिलंय, 'लॅक्टिक ॲसिड बाहेर काढते, स्नायू लवकर दुरुस्त करते.' काल मांडीवर फिरवली. लावताना छान वाटलं, तासाभरात जैसे थे. हे म्हणतात, जोरात दाबून धर, दुखल्याशिवाय फरक पडत नाही. खरंय का? आणि हे यंत्र नक्की करतं काय?

अजून एक. आबांना, म्हणजे सासऱ्यांनाही हवीय. वय ७१, साखरेची गोळी चालू आहे. अष्टविनायक करून आले, सगळा प्रवास बसमध्ये बसून. तेव्हापासून डावी पोटरी दुखतेय, जराशी सुजलीय पण. 'ते मशीन माझ्या पोटरीवर पण फिरव की' म्हणून मागे लागलेत. लावू का?

बेअरिंग_६०८

ताई, मी शिरोली एमआयडीसीत मोटारी आणि हँड टूल दुरुस्त करतो. हल्ली जिमवाल्यांच्या गनही येतात, त्यामुळे पोटातलं सांगू शकतो.

लिथियम-आयन बॅटरी, एक ब्रशलेस मोटार. मोटारीच्या शाफ्टवर केंद्रापासून जरा बाजूला बसवलेली पिन, पिनेला छोटा कनेक्टिंग रॉड, आणि रॉडच्या टोकाला बुशात सरकणारा दांडा. मोटार गोल फिरते, दांडा मागेपुढे होतो. स्कूटरच्या इंजिनात पिस्टन क्रँक फिरवतो, इथे क्रँक दांडा हलवतो, एवढाच फरक. पिन केंद्रापासून ६ मिलिमीटरवर असली की दांडा १२ मिलिमीटर जातो-येतो. हा झाला स्ट्रोक, आणि खरी किंमत याची. थेरागन प्रो नावाच्या गनचा स्ट्रोक १६ मिलिमीटर आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या स्वस्तातल्या गनवर १२ छापलेलं असतं आणि उघडून मोजलं की ७-८ भरतात. अशी गन कातडी थरथरवते, आत फार काही पोचत नाही.

वेगाच्या आकड्यांना भुलू नका. मिनिटाला २४०० ठोके म्हणजे सेकंदाला ४०. त्याच्या वर फक्त आवाज वाढतो असं माझं मत. तिसरी गोष्ट स्टॉल फोर्स, म्हणजे किती दाबल्यावर मोटार बसते. स्वस्तातली गन जोरात दाबली की घुसमटते, मोटार तापते आणि मग ती माझ्याकडे येते. म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या सल्ल्यावर माझं पोट चालतं!

स्ट्रोक घरी बघायचा तर गनच्या डोक्याशेजारी स्टीलची पट्टी धरा, सगळ्यात कमी वेग ठेवा आणि मोबाईलवर स्लो मोशन काढा. दोन टोकांमधलं अंतर पट्टीवर दिसतं.

तसं हे यंत्र हत्यारांच्याच घराण्यातलं. लॉस एंजेलिसचे कायरोप्रॅक्टर (मणके, सांधे हाताने दाबून उपचार करणारे) जेसन वर्सलँड यांना २००७ साली मोटरसायकलचा अपघात झाला. त्या दुखण्यावर उपाय म्हणून त्यांनी एका पॉवर टूलमधूनच पहिला नमुना जुळवला. थेरागन बाजारात आली २०१६ साली. हे कुठेतरी वाचून एक पैलवान माझ्याकडे जिगसॉ घेऊन आला होता, 'पातं काढून बॉल बसवून द्या' म्हणून. नाही दिला. लाकूड कापायच्या हत्याराला माणसाचं अंग लागलंय हे कळत नाही, ते थांबतच नाही.

सातारी_फिजिओ

बेअरिंगदादांनी मोटार छान उघडून दाखवली, पण ताईंचा शेवटचा परिच्छेद कुणी वाचला का?

ताई, आबांच्या पोटरीला हात लावू नका. गन नको, तेल नको, चोळणंही नको. वयस्कर माणूस बसमध्ये तासन् तास पाय लोंबते ठेवून बसला आणि नंतर एकाच पायाची पोटरी दुखायला, सुजायला लागली, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी नाही ना हे सगळ्यात आधी बघायचं असतं. डीव्हीटी म्हणतात ते हेच. गुठळी असली आणि तिच्यावर सेकंदाला चाळीस ठोके पडले, तर ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. आजच डॉक्टरकडे न्या, पायाचा डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त वाहतंय का ते बघणारी सोनोग्राफी, करायला सांगतील. जाण्याआधी टेप घेऊन दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजून ठेवा, वाटीखाली नडगीचा जो उंचवटा लागतो त्याच्या १० सेंटिमीटर खाली. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असला तर संशय बळावतो. पण फरक कमी निघाला म्हणून घरी थांबू नका. दम लागला किंवा छातीत दुखलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत.

हे केलंत की मगच पुढचं वाचा.

आता तुमच्या मांड्या. हिल मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात माझ्याकडे निम्मी गर्दी अशीच आडवी जिना चढून येते. (क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे, माझाही नाइलाज आहे.) चढताना दम जातो, पण स्नायू मोडतो उतारावर. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतो आणि त्याच वेळी आवळून अंगाचं वजन पेलत असतो. या उलट्यासुलट्या कामात स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते, मग सूज, मग दुखणं. ते पळाल्यानंतर २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं, म्हणून सोमवारी बऱ्या होतात आणि मंगळवारी कठडा धरलात. आठवडाभरात आपोआप उतरतं.

लॅक्टिक ॲसिडचा यात काही हात नाही. पळताना तयार झालेलं लॅक्टेट थांबल्यावर तासा-दीड तासात शरीर वापरून टाकतं. रविवारी दुपारी जेवायला बसलात तेव्हाच ते संपलेलं होतं. खोकंवाले मंगळवारी बाहेर काढतायत ते काय, त्यांनाच विचारा.

मग गन करते काय? मुख्यतः वेदनेची बातमी दाबते. स्पर्श आणि कंपन कळवणारे मज्जातंतू जोरात चाळवले की वेदना कळवणाऱ्या तंतूंचा निरोप मज्जारज्जूतच मंदावतो. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेला गेट कंट्रोल सिद्धांत तो हाच. गन बंद केली की थोड्या वेळाने निरोप पुन्हा सुरू. तुमचं 'तासाभरात जैसे थे' अगदी बरोबर आहे, गन बिघडलेली नाही.

दुसरा उपयोग आखडलेपणावर. २०२० साली कोनराड आणि सहकाऱ्यांनी १६ पुरुषांच्या पोटरीवर पाच मिनिटं गन चालवली. घोट्याची हालचाल सरासरी ५.४ अंशांनी वाढली आणि ताकद कमी झाली नाही. म्हणून पळण्याआधी पोटऱ्या मोकळ्या करायला मी ती खुशाल वापरू देते. मात्र तुटलेले धागे सांधायला झोप, पोटभर प्रथिनं आणि दिवस लागतात. रोज अर्धा तास सपाटीवर चाला, कृष्णाकाठी जागेला तोटा नाही.

लावायची अशी: मोठं गोल डोकं, सगळ्यात खालचा वेग, पातळ कपड्यावरून. आधी चालू करा, मग टेकवा. गनचं स्वतःचं वजन पडेल तेवढाच दाब. गुडघ्याच्या वर चार बोटं सोडून जांघेच्या अलीकडेपर्यंत सावकाश सरकवत न्यायची, एका जागी रोवून ठेवायची नाही. एका मांडीला दीड-दोन मिनिटं पुरे. 'गोड दुखतंय' इथपर्यंत ठीक, दात आवळावे लागले की जास्त झालं. टोकदार डोकी खोक्यातच राहू द्या.

यजमानांना सांगा, दुखलं तरच लागू पडतं हे इंजेक्शनच्या बाबतीतही खरं नाही. २०२१ साली 'फिजिकल थेरपी' या नियतकालिकात चीनमधल्या एका तरुणीची केस आली होती. दमलेल्या मांड्यांवर गन चालवल्यानंतर स्नायू फुटून त्यातला माल रक्तात उतरला, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात त्याला, त्यात किडनीवर बेतू शकतं. असं क्वचित होतं, पण घाट उतरून आलेला स्नायू आधीच इजा झालेला असतो. त्याला अजून कुटायचं कशाला?

हाडावर कुठेच नको: नडगी, वाटी, घोटा, मणके. जांघ, काख आणि गुडघ्यामागची खोबण सोडायची, तिथे रक्तवाहिन्या आणि नसा वरवर असतात. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, एक हाडाची गाठ हाताला लागते. पावलाचा पंजा उचलणारा मज्जातंतू तिला वळसा घालून अगदी कातडीखालून जातो. पळणारी मंडळी नडगीच्या बाजूला गन लावता लावता नेमकी तिथे पोचतात. आणि नडगीवर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल तर तो स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला गेलेली बारीक चीर, असू शकतो, तिथे गन नव्हे, तपासणी.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेले, हाडं ठिसूळ झालेले, फुगलेल्या नसांचे, पेसमेकरवाले आणि गरोदर बाया यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. साखर जुनी असेल आणि पायाला बधिरपणा असेल तर किती जोरात लागतंय तेच कळत नाही. त्यामुळे डॉप्लर चांगला आला तरी आबांना गन नकोच.

जिम_नाना

एवढं घाबरवू नका हो. मी दिवसभर कॉम्प्युटरवर असतो, रात्री मानेवर फुल स्पीडला लावतो. मस्त झोप लागते. आजवर काही झालं नाही.

सातारी_फिजिओ

नाना, झोप लागते हे मान्य, पण जागा बदला. मणक्यांच्या आतून मेंदूकडे जाणारी रोहिणी मानेत दोन्ही बाजूंना असते. मानेवर गन वापरणाऱ्या एका तरुण स्त्रीची ती रोहिणी आतल्या अस्तरात फाटल्याची केस २०२२ साली छापून आलीय. एका केसवरून गनच दोषी असं सिद्ध होत नाही हे मीही मानते. पण फायदा झोपेचा आणि जोखीम मेंदूची, हा सौदा मला पटत नाही. मान आणि खांदा यांच्यामधला जाड मांसल भाग आहे ना, तिथे खालच्या वेगावर एक मिनिट लावा, आणि मान सुरू होते तिथे थांबा. पुढून आणि बाजूने तर कधीच नको. गन लावल्यावर चक्कर, डोकं ठणकणं, एकाची दोन दिसणं असं काही झालं तर रात्र काढू नका.

तिळाचं_तेल

हे सगळं वाचून विचारते, आमच्याकडे शेजारच्या मावशी तेल लावून पाय चोळून देतात, त्यापेक्षा ही गन बरी का?

सातारी_फिजिओ

मावशी असतील तर मावशीच. २०१८ साली दुपुई आणि सहकाऱ्यांनी ९९ अभ्यास एकत्र तपासले. बर्फाचं पाणी, घट्ट मोजे, स्ट्रेचिंग, सगळं त्यात होतं. व्यायामानंतरच्या अशा दुखण्यावर आणि थकव्यावर सगळ्यात जास्त उतार मालिशने पडला. हाताला कुठे गाठ आहे, कुठे गरम लागतंय ते कळतं. गनची बाजू एवढीच की तिला बोलवावं लागत नाही. फक्त तेल लावून वर गन नको, डोकं सटकतं आणि हाडावर जातं.

उताराची_धास्ती

सगळ्यांचे आभार, फिजिओताईंचे जास्त. काल संध्याकाळीच आबांना नेलं. घेरात दोन सेंटिमीटरचा फरक भरला होता. डॉप्लरमध्ये गुठळी नाही. गुडघ्यामागे बेकर्स सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवी होती, ती फुटून पाणी पोटरीत उतरलंय म्हणाले. आबा आता 'गुठळी नाही ना, मग फिरव' म्हणतायत!

माझ्या मांड्या आज बऱ्यापैकी उतरल्यात. पुढे दिल्ली हाफला जायचंय, विमानात गन नेता येते का?

सातारी_फिजिओ

सुटलात. फुटलेली सिस्ट हुबेहूब गुठळीसारखी दिसते, बघून सांगता येत नाही. आता पाय उशीवर उंच, थंड शेक, आणि ऑर्थोपेडिककडे गुडघा दाखवा. गुडघ्यात झीज असली की ही पिशवी भरत राहते. गन फिरवून ते पाणी जिरत नाही, उलट आत अजून खरचटेल. सूज वाढली किंवा पाऊल बधिर झालं तर परत डॉक्टरकडे. आबांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी गन ठेवा, सांगून ऐकणाऱ्यातले वाटत नाहीत.

बेअरिंग_६०८

ताई, विमानात हँडबॅगेतच ठेवा, चेक-इनला देऊ नका, लिथियम बॅटरी आहे. मर्यादा १०० वॉट-अवरची. बॅटरीवर व्होल्ट आणि मिलिअँपिअर-अवर लिहिलेलं असतं, गुणाकार करून हजाराने भागा. ११.१ व्होल्ट आणि २५०० असेल तर पावणेअठ्ठावीस, म्हणजे आरामात बसते. खाली मेन स्विच असेल तर तो बंद करा, नसेल तर बटण चुकून दाबलं जाणार नाही असं गुंडाळा. आणि डोकं काढून वेगळं ठेवा, स्कॅनरमध्ये तिचा आकार बघून बॅग उघडायला लावतातच.