अंगावरचे दूध आणि बाळाची प्रकृती : आपले अनुभव लिहावेत

स्तनपानाचे फायदे सर्वांनी ऐकलेले असतात. ते आपल्या बाळाच्या बाबतीत कसे जाणवले, किंवा जाणवले नाहीत, हे आयांनी आणि घरातील इतरांनीही येथे लिहावे. सुरुवात मी करते.

मुलगी झाली तेव्हा पहिले दोन दिवस दाट, पिवळसर चिकाचे जेमतेम थेंब येत होते आणि एवढ्याने तिचे पोट कसे भरणार, या धास्तीने मी वरचे दूध मागितले. परिचारिकाबाईंनी समजावले की पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी काही मिलिलिटरच दूध लागते, आणि चिकातील आयजीए प्रतिपिंडे आतड्याच्या अस्तरावर राहून जंतूंना तेथे चिकटू देत नाहीत. तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला. घटलेले वजन दोन आठवड्यांत भरून आले.

*

आमचा मुलगा ३२व्या आठवड्यात जन्मला. त्याला दूध ओढण्याची ताकद नव्हती, म्हणून मी दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढून देत असे आणि ते त्याला नळीवाटे दिले जाई. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये आतड्याचा दाह होऊन त्याचा भाग निकामी होण्याचा जो भयंकर आजार असतो, त्याचा धोका आईच्या दुधामुळे कमी होतो, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पंपाचा तो आवाज मात्र आजही मला नकोसा वाटतो.

*

मी वडील म्हणून लिहितो आहे. उन्हाळ्यात बाळाला पाणी पाजावे, असा माझ्या आईचा आग्रह होता. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, हे डॉक्टरांकडून ऐकल्यावर तिने सहा महिने पाण्याचा विषय काढला नाही. ड जीवनसत्त्व या दुधात पुरेसे नसते, त्यामुळे त्याचे थेंब आम्ही रोज देत होतो.

*

मला जुळ्या मुली आहेत आणि माझे दूध दोघींना पुरले नाही, म्हणून निम्मे वरचे द्यावे लागले. जुलाब पहिल्या वर्षात दोघींनाही झाले नाहीत; कान मात्र एकीचा दोनदा फुटला. स्तनपानाने अशा संसर्गांचा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही, हे मला कोणी आधी सांगितले असते, तर प्रत्येक वेळी मी माझ्या अपुऱ्या दुधाला दोष देत बसले नसते.