'एकच प्याला'तल्या सिंधूवर राग आला असं लिहिणं चूक आहे का? (नाटक वाचणारे, पाहणारे, दोघांनाही विचारून राहिली)

बर्डीची_वाचक

एमए मराठी, दुसरं सेम. नाटकाच्या पेपरसाठी आम्हाला एक वही करायची होती, पाच जुनी नाटकं वाचायची आणि प्रत्येकावर दोन पानं 'वैयक्तिक प्रतिसाद' लिहायचा. वैयक्तिक हा शब्द सरांनीच फळ्यावर लिहिला, खाली रेघपण मारली. मी शारदा, एकच प्याला, शांतता कोर्ट, नटसम्राट आणि वाडा चिरेबंदी घेतली. चार बरी गेली. एकच प्यालाला दहापैकी चार, आणि लाल पेनानं शेरा: 'काळाचे भान नाही. नाटक आधी पाहावे, मग बोलावे.'

आता मी लिहिलं काय होतं ते सांगते. आमच्या घरी आजोबांच्या मोबाइलवर रोज सकाळी चहाच्या वेळी बालगंधर्वांचं 'कशि या त्यजू पदाला' लागते. लहानपणापासून ऐकते, आणि खरं सांगते मला ते भजन वाटायचं. पद म्हणजे देवाचे पाय, अजून कोणाचे असणार. पुस्तक वाचायला घेतलं तेव्हा कळलं की नवरा पार दारूत बुडालेला, माहेरचे तिला घेऊन जायला तयार, आणि त्यावर ती हे गाते की हे पाय सोडून मी येऊ कशी. मी पुस्तक खाली ठेवलं आणि चिडून घरात फिरत होते, आई म्हणाली काय झालं, म्हटलं काही नाही, सिंधूनं माहेरी जायला पाहिजे होतं.

हेच लिहिलं वहीत. की मला तिची कीव आली नाही, राग आला, आणि हा राग चालीशिवाय वाचलं म्हणूनच आला. चाल असती तर मीपण आजोबांसारखी डोळे मिटून मान हलवली असती. त्यात नाटक राम गणेश गडकऱ्यांचं असलं तरी यातली पदं त्यांची नाहीतच, वि. सी. गुर्जरांनी केलेली आहेत, म्हणजे पदं गाळून वाचलं तर उरतो तो निव्वळ गडकरी. मला तो वाचायचा होता.

तर प्रश्न असा की वैयक्तिक मागितलं आणि वैयक्तिक दिलं, तर ते चुकीचं कसं असू शकते?

तर्री_जास्त

दहापैकी चार म्हणजे पास आहे ना बे. पुढे चल.

निवृत्त_मास्तर

बेटा, मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं म्हणून थोडं लांब लिहितो, रागावू नको. तुझ्या सरांचा शेरा कोरडा आहे, पण चूक नाही.

तू म्हणतेस माहेरी जायला पाहिजे होतं. जाऊन काय केलं असतं? हिंदू बाईला कायद्यानं घटस्फोट सगळीकडे मिळाला तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं. नाटक १९१९ चं. सिंधूचा नवरा सुधाकर वकील आहे, कोर्टात अपमान होतो, सनद काही महिन्यांसाठी जाते, आणि दारुडा तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. अशा माणसाची बायको माहेरी बसली तर लोक तिलाच नावं ठेवणार, नवऱ्याला नाही. हे तुला माहीत नाही असं नाही, वाचताना तू ते बाजूला ठेवलंस इतकंच.

आणि दुसरं, जे माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे. सिंधू तुझ्यासाठी लिहिलेलीच नाही. ती लिहिली आहे तिसऱ्या रांगेत बसलेल्या सुधाकरासाठी. त्याला घरी जाऊन आपल्या बायकोच्या तोंडाकडे पाहता येऊ नये, एवढ्यासाठी ती इतकी सोसते. ती भांडली असती, निघून गेली असती तर त्या माणसाला सुटल्यासारखं झालं असतं. तिचं सोसणं हे नाटकाचं हत्यार आहे, आणि तू हत्यारावरच चिडलीस.

उन्हाळा_४७

काका म्हणतात ते बरोबर. जुन्या नाटकांची ताकद आजच्या पोरांना कळत नाही. शारदा नाटकामुळे सरकारला शारदा कायदा करावा लागला होता, माहीत आहे का कोणाला?

निवृत्त_मास्तर

उन्हाळा भाऊ, माझ्या बाजूनं बोलून राहिलात म्हणून गप्प बसू का? तो कायदा सारडा, अजमेरचे हरबिलास सारडा, त्यांच्या आडनावावरून. १९२९ चा. लग्नाला मुलीचं वय १४, मुलाचं १८ पाहिजे असा. देवलांचं नाटक त्याच्या ३० वर्षं आधीचं, १८९९. नावं जुळतात म्हणून ही गफलत जुनीच आहे, माझे एक हेडमास्तरपण दर वर्षी हेच सांगायचे.

बर्डीची_वाचक

काका, तुम्हीच शारदा काढली म्हणून बोलते. शारदा एकच प्यालाच्या वीस वर्षं आधीची ना? मग काळाचं भान ठेवायचं तर शारदा जास्त गरीब गाय पाहिजे. पण ती घाबरते तर मला भीती वाटते असं मोठ्यानं म्हणते, 'मूर्तिमंत भीती उभी'. बाप पैशासाठी म्हाताऱ्याला देऊन राहिला हे तिला कळते, आणि शेवटी ती जीव द्यायला निघते. तेपण चांगलं नाहीच, पण निदान तिला हे मान्य नाही एवढं तरी दिसते. म्हणजे त्या काळात बाई नाही म्हणू शकते हे लिहिणाऱ्यांना सुचत होतं. गडकऱ्यांनी सिंधूला ते दिलं नाही. हा काळ नाही काका, ही निवड आहे. निवड असेल तर त्यावर मी चिडू शकते.

तिसऱ्या रांगेतला सुधाकर हे मात्र डोक्यात राहिलं. हे मला वर्गात कोणी सांगितलं नाही.

पडद्यामागचा

मी राज्य नाट्य स्पर्धेत बारा-तेरा वर्षं लाइट केले, नागपूरच्या सायंटिफिक सभागृहात कितीतरी रात्री शिडीवर काढल्या, त्यामुळे माझा प्रॉब्लेम वेगळाच आहे. मला सिंधूचं काही देणंघेणं नाही. मला 'वाचून प्रतिसाद' हाच प्रकार पटत नाही. नाटकाचं पुस्तक म्हणजे घराचा नकाशा आहे, नकाशा पाहून कोणी म्हणते का की या घरात उकडते?

तू शांतता कोर्ट वाचलंस ना. शेवटचं बेणारेचं भलंमोठं स्वगत आठव. कागदावर वाचलं की वाटते वा, बाईनं सगळ्यांना सुनावलं. स्टेजवर काय होते, ती बोलत असते आणि बाकीचे सगळे जिथल्या तिथे थिजलेले. कोणीच ऐकत नाही. ती बोललीच नाही खरं तर. हा फरक मला पहिल्यांदा रिहर्सलमध्ये कळला, बाकीच्यांवरचा लाइट खाली घेताना, आणि अंगावर काटा आला. वाचणाऱ्याला ते दिसतच नाही, तो मनातल्या मनात टाळ्या वाजवून मोकळा.

बर्डीची_वाचक

पण दादा ते थिजणं पुस्तकात लिहिलेलं आहे. कंसात. मी वाचलं आणि वहीत त्याच्यावरच अर्धं पान लिहिलं, त्यात आठ मिळाले 😄 कंस वाचायचे नाहीत हा वाचणाऱ्याचा आळस झाला, वाचनाचा दोष कसा?

पडद्यामागचा

ठीक आहे, कंस वाचणारी आहेस, मानलं. शंभरातला एक वाचते.

तर्री_जास्त

मी नटसम्राट पाहिलं नाही, वाचलंपण नाही, फक्त त्याचे डायलॉग गणपतीत ऐकले आहेत. मला प्रतिसाद देता येईल का?

धानपट्टी

मी वडश्याकडचा, आता मानेवाड्याले राहतो. हे वाचून राहिलो सकाळपासून आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, नाटक म्हणजे काय ते शहरातल्या लोकाईले सांगून कळत नाही, धान निघाले की सुरू होते, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रातच्याले नाटक, पार उजाडेपर्यंत, बाया-लेकरं घोंगडी घेऊन येतात, लेकरू तिथंच झोपते आणि तिथंच उठते. माझे आजोबा तरुणपणी गावच्या मंडळात सिंधू करत होते. हो, आजोबा. तेव्हा आमच्याकडे बायाचं काम माणसंच करत, मिशा उतरवून, त्याच्यासाठी आजी महिनाभर बोलली नाही म्हणतात.

तर आजोबा सांगायचे की एका गावी तो जात्यावर दळायचा सीन चालू होता, नवरा पिऊन पडलेला, घरात दाणा नाही, आणि समोरून एक म्हातारी उठली आणि वरडली, "अवं माय, ऊठ न तिथून, जाय न आपल्या बापाच्या घरी, कायले मरून राहिली!" सारा मांडव हसला. आजोबा म्हणत मले काही सुचेना, हात जात्यावर तसाच राहिला, पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला म्हणून निभलं. ती म्हातारी एक अक्षर शिकलेली नव्हती. तिनं नाटक वाचलं नाही, पाहिलं. पेटीवर चालीत पाहिलं. आणि तिलेपण तेच वाटलं जे या पोरीले बर्डीवर पुस्तक वाचून वाटलं.

आता सांगा मास्तर, त्या म्हातारीले काळाचं भान नव्हतं का? तोच तर तिचा काळ होता.

तर्री_जास्त

धानपट्टी भाऊ एक नंबर. आजीला दहापैकी दहा.

निवृत्त_मास्तर

हा मुद्दा जड आहे. मला याचं उत्तर लगेच सुचत नाही.

पण एक विचारतो. पोरी, तू गीतेबद्दल वहीत काही लिहिलंस का? तळीरामाची बायको. गडकऱ्यांनी सिंधूला तोंड दिलं नाही म्हणतेस, मग ते तोंड त्यांनी कोणाला दिलं ते पाहिलंस का? त्याच नाटकात, त्याच दारूच्या घरात दुसरी बायको आहे, ती नवऱ्याला फाडफाड बोलते. म्हणजे लेखकाला सुचलं नाही असं नाही. त्यानं दोन बाया समोरासमोर उभ्या केल्या.

बर्डीची_वाचक

नाही लिहिलं. खरं सांगू का, तळीराम आणि त्याचं ते आर्य मदिरा मंडळ आलं की मी पानं भरभर उलटत होते. विनोद म्हणून वाचत गेले आणि गीता त्यातच वाहून गेली. हे माझं चुकलं. यासाठी मार्क कापले असते तर मी हा धागा काढलाच नसता. पण सरांनी गीतेचं नावसुद्धा काढलं नाही, 'पाहावे मग बोलावे' एवढंच.

बाकी गीता बोलते कारण ती खालच्या पायरीवरची आहे, तिनं बोललं तर लोक हसतात. सिंधू बोलली असती तर हसता आलं नसतं. हे मला आता उलट जास्तच खटकून राहिलं.

पडद्यामागचा

'पाहावे मग बोलावे' मी तरी सोडणार नाही. पुस्तकातल्या गीतेची पानं उलटता येतात, स्टेजवरची गीता तू पुढे ढकलू शकत नाहीस. तुझ्याच तोंडून निघालं बघ.

धानपट्टी

पण पाहायचं कुठं हो? नागपुरात एकच प्याला शेवटचं कधी लागलं होतं? पोरीनं सेममध्ये वही द्यायची का नाटक लागायची वाट पाहत बसायची?

बर्डीची_वाचक

हेच. आणि पडद्यामागचे दादा, एक सांगू? गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले, इथंच, आपल्या सावनेरला. तेहतीस वर्षांचे होते. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीनं एकच प्याला लावलं ते त्यानंतर महिन्याभरानं, बडोद्याला. म्हणजे ज्यानं लिहिलं त्यानंच हे नाटक पाहिलं नाही. त्याच्याकडे होता तो कागदच. मग मी कागदावरून बोलले तर त्याच्याइतकीच लायक आहे ना मी?

तर्री_जास्त

अरे बाप्पा. दादा शिडीवरून उतरा आता.

पडद्यामागचा

हे अॅडव्होकेटी उत्तर आहे. त्याच्या डोक्यात स्टेज होतं, किर्लोस्कर नाटक मंडळीत वाढलेला माणूस तो. तुझ्या डोक्यात काय आहे?

पण सावनेरचं माहीत नव्हतं हे कबूल करतो. महिन्यातून दोनदा त्या रोडनं जातो.

बर्डीची_वाचक

माझ्या डोक्यात आजोबांचा मोबाइल आहे, तेच तर सांगून राहिली पहिल्यापासून.

रात्री शेवटचा अंक परत वाचला. गीतेसाठी घेतला होता, पण दुसरंच काही सापडलं. सुधाकरच्या हातून पोर जाते, सिंधूला मार लागते, आणि फौजदार विचारतो तेव्हा ती नवऱ्याला वाचवायला खोटं सांगते. पहिल्या वाचनात मी इथंच सगळ्यात जास्त चिडले होते. आज वाटलं की थांबा, सुधाकर वकील आहे. साक्ष, जबानी, हे त्याच्या धंद्याचे शब्द. आणि अख्ख्या नाटकात त्याच्या कामाची एकमेव खोटी साक्ष देते ती त्याची बायको, मरताना. म्हणजे सोसणारी सिंधू तिथं पहिल्यांदा काहीतरी करते. चुकीचंच करते, पण करते, आणि फौजदाराला तिच्यापुढे काही चालवता येत नाही. आणि सुधाकरला या साक्षीचा उपयोगच नाही, तो विष घेऊन बसलेला. राग गेला नाही माझा. पण हा राग आणि पहिला राग एक नाही.

निवृत्त_मास्तर

हे वहीत होतं?

बर्डीची_वाचक

नव्हतं. कालच सुचलं.

निवृत्त_मास्तर

मग चार बरोबर आहेत.

तर्री_जास्त

काका साडेचार तरी करा, पोरीनं दोनदा वाचलं.