मदत हवी आहे: घरच्या कामाला चेनसॉ (लाकूड कापायची यंत्रकरवत) विजेवरचा घ्यावा की पेट्रोलचा?

मंडळी, कोकणातल्या घराभोवती वर्षाकाठी चार-पाच दिवसांचं काम आहे. पावसात मोडलेल्या आंबा-फणसाच्या फांद्या, जाडी जास्तीत जास्त 10 इंच. बजेट 8,000 रुपये.

एवढ्या पैशांत 58 सीसी, 22 इंची बारचे (बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) पेट्रोल चेनसॉ दिसतात. या कामाला तो बार म्हणजे नुसतं ओझं, आणि टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला लागला की यंत्र उसळून अंगावर येतं. शिवाय पेट्रोलमध्ये 2टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) मोजून मिसळायचं (50:1 ला लिटरमागे 20 मिली, 25:1 ला 40). टाकी भरलेली ठेवली तर कार्ब्युरेटर चोंदतो. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं.

म्हणून कल 16 इंची, 2000 वॅटच्या विजेवरच्याकडे आहे. तो साधारण 9 अँपिअर घेणार, म्हणजे 30 मीटरला 2.5 चौ. मिमी तांब्याची तीन तारांची केबल हवी. बारीक वायरीवर व्होल्टेज पडून मोटर तापते. चेन ब्रेक (यंत्र उसळलं की चेन थांबवणारा) आणि चेनवर आपोआप तेल सोडणारा पंप नसेल तर घेणार नाही.

जाणकारांना विचारायचंय: गावात संध्याकाळी व्होल्टेज 190 पर्यंत उतरतं, अशात ही मोटर टिकते का? 3/8 लो प्रोफाइल चेन (छोट्या यंत्रांना लागणारा चेनचा प्रकार) आणि धार लावायची 4 मिमी गोल कानस चिपळूण-रत्नागिरीकडे सुटी मिळते का? आणि सुक्या फणसाला चेन किती वेळात बोथट होते?