मदत हवी आहे : दोन माइकांवर अभंगाचे मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग (प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर), आधी कोणते ट्रॅक घ्यावेत?

नमस्कार. मी नाशिकला पंचवटीत राहतो. आमच्या भजनी मंडळात गाणारे माझे मामा आता ७६ वर्षांचे आहेत आणि त्यांचे निदान पाच-सहा अभंग नीट ध्वनिमुद्रित करून ठेवावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. माझ्याकडे दोनच माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारे उपकरण), दोन कंडेन्सर माइक आणि एक जुना लॅपटॉप आहे.

पहिल्या खेपेला सर्वांना एका खोलीत बसवून एक माइक मामांपुढे आणि दुसरा पखवाजापुढे ठेवला. गाणे रंगले, पण टाळ मामांच्या माइकमध्ये इतके शिरले, की त्यांचा आवाज वाढवला की टाळही वाढतात. शिवाय दोन्ही ट्रॅक एकत्र लावल्यावर पखवाजाचा घुमारा पोकळ होतो. ध्वनीला ३४ सेंटिमीटर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. त्यामुळे एकच थाप दोन माइकांपर्यंत मागेपुढे पोहोचते आणि त्यातल्या काही कंप्रता एकमेकींना खोडतात, हे कारण मला नंतर समजले.

दुसऱ्या खेपेला क्लिक (ठरावीक लयीत वाजणारी टिकटिक) लावून आधी पखवाज घेतला आणि तो हेडफोनवर ऐकत मामा गायला बसले. पहिल्याच ओळीला ते थांबले, कारण स्वतःचा आवाज त्यांना उशिरा ऐकू येत होता. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा, १०२४ सॅम्पल्सचा (आवाजाच्या नोंदींचा) होता, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नोंदी घेणाऱ्या ४८ किलोहर्ट्झला एका बाजूनेच सुमारे २१ मिलिसेकंद उशीर. डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये न फिरवता इंटरफेसवरून थेट हेडफोनवर ऐकणे) सुरू केल्यावर तो त्रास गेला. मात्र अभंगाची लय शेवटाकडे चढत जाते; ती क्लिकला बांधली, तेव्हा मामांच्या गाण्यातला जीवच गेला.

म्हणून आता क्लिक न लावता मामा आणि पखवाजवादक एकमेकांना दिसतील असे शेजारच्या दोन खोल्यांत बसवून दोन्ही ट्रॅक एकाच वेळी घ्यावेत आणि पेटी व टाळ नंतर त्यावर चढवावेत, असा माझा विचार आहे. हा क्रम योग्य आहे का? चढती लय फक्त हेडफोनवर ऐकून टाळकऱ्यांना नेमकी पकडता येईल का, की त्यांना ऐकवायच्या कच्च्या ट्रॅकमध्ये पेटी आणि टाळही घेऊन ठेवावेत? मामांना एक अभंग दोनदाच गाता येतो, तिसऱ्यांदा आवाज थकतो; त्यामुळे पुढच्या बैठकीआधी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.