मदत हवी आहे: 'न्यूटोनियन' म्हणजे नक्की न्यूटनचं काय?

मंडळी, विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मुलांचं प्रदर्शन आहे. मराठी पाट्या लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय आणि शास्त्रज्ञांच्या नावांवरून पडलेल्या विशेषणांपाशी गाडी अडलीय.

एका टबात पाण्यात दाट कालवलेलं कॉर्नफ्लोअर आहे. बोट हळू घातलं तर बुडतं, बुक्की मारली तर घट्ट लागतं. पाटी केली 'अन्यूटोनियन द्रव'. तळमजल्यावरच्या काकांनी लगेच विचारलं, "म्हणजे न्यूटनने न शोधलेला?" शेजारीच न्यूटोनियन दुर्बीण ठेवलीय, आरशाची. तशी पहिली दुर्बीण न्यूटनने १६६८ साली स्वतः बनवली होती, त्यामुळे काकांना तरी काय बोलणार!

ब्राउनियन गतीचंही तेच. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये पाण्यातल्या सूक्ष्म कणांची थरथर पाहिली, पण कारण उलगडलं १९०५ मध्ये आइन्स्टाइनने. मग विशेषण नक्की कशाचं श्रेय देतं? आणि पाटीवर न्यूटोनियन लिहू की न्यूटनीय? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
प्रत्येक ठिकाणी नातं वेगळं असतं. दुर्बिणीत 'न्यूटनच्या रचनेची', गतीत 'ब्राउनने नोंदवलेली'. द्रवात मात्र 'न्यूटनचा नियम पाळणारा': कितीही जोराने ढवळा, तापमान तेच असेल तर श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, बदलत नाही. म्हणून ग्लिसरीन दाट असूनही न्यूटोनियनच. कॉर्नफ्लोअर जोर लावल्यावर घट्ट होतं, टोमॅटो केचप उलट पातळ होतं, दोन्ही अन्यूटोनियन. ग्लिसरीनची वाटी शेजारी ठेवाच, नाहीतर लोक दाटपणालाच अन्यूटोनियन समजतील.

प्रतिसाद २
मी मोठ्या अक्षरात 'न्यूटनचा नियम न पाळणारा द्रव' लिहीन, खाली बारीक 'अन्यूटोनियन'. 'न्यूटनीय' व्याकरणाने ठीक आहे, यूक्लिडीय भूमिती आपण म्हणतोच. पण मुलांना पुढे कॉलेजात न्यूटोनियनच ऐकायचंय. कार्टेशियन आलेख, म्हणजे क्ष-य अक्षांचा, असेल तर देकार्त या फ्रेंच गणितज्ञाचं नाव आवर्जून लिहा. त्याच्या नावाचं लॅटिन रूप कार्टेसियस, त्यावरून ते विशेषण आलं. नुसतं वाचून कोणाला पत्ता लागायचा नाही.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. पाटी बदलतो, ग्लिसरीन केमिस्टकडून आणतो. आलेख आहे, देकार्त टाकतो.

प्रतिसाद १
आणि तो टब बेसिनमध्ये ओतू नका हो! कॉर्नफ्लोअर पाइपात बसलं की प्लंबर बोलवावा लागेल.