शिंकांचं खापर गोल्डनरॉडवर नको
गोल्डनरॉड हे पिवळ्या फुलांचं रानरोप फुललं की शिंका सुरू होतात असं बरेच जण म्हणतात, पण त्या बिचाऱ्याचा दोष नाही. त्याचे पराग जड, चिकट; ते मधमाश्यांसारखे कीटकच नेतात. खरा चोर रॅगवीड नावाचं तण. तेही याच सुमारास फुलतं, फुलं हिरवट, नजरेत भरत नाहीत, आणि पराग वाऱ्यावर.

आमच्या न्यू जर्सीत आता कुंपणापलीकडे गोल्डनरॉडचा पिवळा आणि ॲस्टरच्या फुलांचा जांभळा रंग शेजारी शेजारी दिसतो. परवा मिल्कवीडची शेंग उकलली: आत चपट्या तपकिरी बिया माशाच्या खवल्यांसारख्या रचलेल्या, प्रत्येकीला रेशमी झुपका. लहानपणी रुईची म्हातारी उडवायचो, थेट तीच! (कूळही एकच.)

तुळशीला मंजिऱ्याच मंजिऱ्या, पानं पिवळी. थंडीच्या आधी, या आठवड्यात कुंडी घरात घेतोय.