मदत हवी आहे: बाबांना काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी. आमचं गाव अमरावती जिल्ह्यात. दिवाळीनंतर बैलजोडी विकली, तेव्हापासून बाबा (वय ७६) रोज संध्याकाळी रिकाम्या गोठ्यात बसतात, हातात जुनी वेसण. काल म्हणाले, "आता मी कायच्या कामाचा रे?"

मी गाडगेबाबांचं सांगितलं. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. तर म्हणतात, "त्यायच्या हाती खराटा तरी होता." मी गप्पच. (खरं सांगतो, पस्तिशीत हा प्रश्न मलाही पडतो, पण मोबाईल हाती घेतला की विसरतो.)

डॉक्टर म्हणाले, तब्येत ठीक आहे. उपदेश नको, तो घरात भरपूर झाला. तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना असं झालं, तेव्हा त्यांच्या हाती काय दिलंत?